स्नेहलची प्रूफं आणि माझं बिऱ्हाड

वरकुट्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा माझं सगळं बिऱ्हाड तीन बोचक्यांत मावलं होतं. एकात ज्वारीचं पीठ, एकात भांडी, एकात अंथरूण. माझी नात स्नेहल पाठीला बॅग लावून रस्त्याकडे बघत होती. तिच्या बापाकडे बघायचं ती टाळत होती. माझा मुलगा अशोक मोटारसायकलला टेकून उभा होता. घरात चार वेळा सांगून झालेली अट त्यानं फाट्यावर पाचव्यांदा सांगितली. बोलला माझ्याशी, ऐकवलं तिला.

"आई, ठरल्यापरमाणं हां. एकदा जरी नापास झाली तरी दोघी माघारी. मग कालिजचं नाव कुणी काढायचं न्हाय."

माझी धाकटी जाऊ पारू फाट्यापर्यंत चालत आली होती. तिचे गुडघे दुखत होते तरी आली. आम्ही दोघींनी वीस वर्षं एका चुलीवर रांधलं आणि वाटण्या झाल्यावर पुढची पंचवीस वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना. तिनं बोचक्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, साठी उलटली की माणसं काठी धरत्यात. तू कालिज धरलंस."

एसटी आली. कंडक्टरनं पिठाचं बोचकं पायाशी ठेवायला लावलं. पारू हात हलवत नव्हती, नुसती उभी होती. मीही मागं वळून बघितलं नाही, कारण बोचकं कलंडत होतं आणि ते धरायचं होतं.

मला कुणी जा म्हटलं नव्हतं, हे आधी सांगते. गावात अजून बोललं जातं की अशोकनं म्हातारीला बाहेर काढलं. तसं काही नाही. स्नेहलला बारावीला गणितात चांगले मार्क पडले आणि तिला बारामतीला बी.एस्सी. करायचं होतं, तेही गणितातच. रोज वरकुट्याहून जाऊन येऊन होण्यासारखं नव्हतं. पोरगी एकटी ठेवायला अशोक तयार नव्हता. मी म्हटलं, मी जाते तिच्याबरोबर. माझ्यावाचून घर चालेल की नाही याचाच घरातले विचार करत असतील असं मला तेव्हा वाटलं. घर व्यवस्थित चाललं.

मी चौथी शिकले. पुढची शाळा चालत जायच्या अंतरावर नव्हती. माझे वडील म्हणायचे, "चार यत्ता म्हंजे चार दिशा. पोरगी आता हरवायची न्हाय." ते वाईट मनानं बोलत नव्हते. त्यांना स्वतःला एकही यत्ता मिळाली नव्हती. त्या चार यत्तांत मी पाढे शिकले. तिसापर्यंतचे साधे, आणि त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पाव, अर्धा, दीड, अडीच यांचेही तेव्हा पाढे असत. गुरुजी आम्हाला रांगेत उभं करून म्हणून घ्यायचे. अडखळलं की हातावर पट्टी. ते पाढे मला आजही येतात. शिकणं म्हणजे न अडखळता म्हणता येणं, एवढंच मला माहीत होतं. विहारातली वंदनाही मी तशीच शिकले. सगळी तोंडपाठ आहे. अर्थ विचारलात तर निम्मा सांगेन.

बारामतीत खोली मिळायला चार दिवस लागले. आडनाव विचारून झाल्यावर दोन ठिकाणची खोली आधीच गेलेली निघाली. तिसऱ्या मालकिणीनं फक्त पाणी किती वापराल एवढं विचारलं. तिथं राहिलो. कालव्याच्या अलीकडं, दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराची खोली. गॅसची शेगडी, एक खिडकी, पाणी सकाळी सहा ते सात. गावाकडं दूध शेळीचं निघायचं. इथं पिशवी कापायची, आणि कापलेला कोपरा कचऱ्यात वेगळा टाकायचा. समोरच्या दारातली बाई चार महिन्यांनी पहिल्यांदा बोलली, तेही तिचं पार्सल आमच्याकडं आलं म्हणून. वरकुट्यात चार महिन्यांत माणूस जन्माला येऊन त्याचं बारसं होऊन जातं. पण मला त्या बाईचा राग आला नाही. कोण कुठं गेलं, का गेलं, कधी आलं, हे कुणी विचारत नाही यात एक सुखही असतं. ते मला तिथं गेल्यावर कळलं. गावाकडच्यांना ते पटणार नाही.

स्नेहल कॉलेजातून आली की वह्या पसरून बसायची. पहिल्या सेमिस्टरला ती घाबरलेली होती. बारावीपर्यंत गणित म्हणजे उदाहरणं सोडवायची. इथं उदाहरणं कमी आणि प्रूफं जास्त. म्हणजे एखादी गोष्ट खरी का आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून दाखवायचं, तेही इंग्रजीत. तिला इंग्रजी लिहिता येत होतं, पण इंग्रजीत विचार करता येत नव्हता. ती म्हणाली, "आजी, हे माझ्या डोक्यातच शिरत नाही."

मी म्हटलं, "शिरंल. म्हणून दाखव."

मग आम्ही एक पद्धत बसवली. ती प्रत्येक प्रूफ माझ्यासाठी देवनागरीत उतरवायची. 'लेट एप्सिलॉन बी ग्रेटर दॅन झीरो. देन देअर एक्झिस्ट्स...' असं सगळं. दोनशे पानी वही भरली. संध्याकाळी मी भाकरी थापताना वही शेगडीच्या बाजूला उघडी ठेवायची, पानावर मिठाची बरणी. ती भिंतीला टेकून डोळे मिटून म्हणायची. एक शब्द गाळला की मी परातीवर बोटानं टकटक करायची. ती मागं जाऊन पुन्हा सुरू करायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण शब्द गेला की कळायचं. चाल बिघडायची. भाकऱ्या होईपर्यंत तीन प्रूफं म्हणून व्हायची.

पहिल्या वर्षी ती वर्गात तिसरी आली. अशोकनं गावात पेढे वाटले. पारूचा फोन आला, म्हणाली, "अक्का, मास्तरीण झालीस की." मला बरं वाटलं. ते कबूल करते. पन्नास वर्षांनी कुणीतरी माझ्या हातात गुरुजींची पट्टी दिली होती आणि मी ती नीट चालवली असं वाटलं.

दुसऱ्या वर्षी शिकवायला शिंदे मॅडम आल्या. लासुर्ण्याच्या. तिशीच्या असतील. स्नेहल त्यांच्याबद्दल कुरकुर करायची. त्या फळ्यावर प्रूफ अर्ध्यात सोडतात आणि मुलांना विचारतात, पुढं काय? पुस्तकात आहे ते पुस्तकात वाचा म्हणतात. मी म्हटलं, तिला शिकवायचा कंटाळा असंल. तू तुझं पाठ कर. स्नेहलनं केलं. दिवाळीनंतर परीक्षा झाली. निकाल लागला त्यात त्या पेपरात नापास. बाकी सगळ्यात पास, त्या एकात नापास. त्याला इकडं बॅकलॉग म्हणतात. उन्हाळ्यात पुन्हा पेपर देता येतो.

स्नेहल जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, पप्पांना आत्ता सांगू नकोस. उन्हाळ्यात सुटला की कुणाला कळणारसुद्धा नाही."

"लपवून शिकायचं आसंल तर शेळ्या राख," मी म्हटलं. "त्या कुणाला सांगत न्हाईत."

पण फोन करण्याआधी मला मॅडमशी बोलायचं होतं. मला खात्री होती की पेपर तपासण्यात चूक आहे. ते प्रूफ मी स्वतः म्हणून घेतलं होतं. एकही शब्द गेलेला नव्हता. मी वही पिशवीत घातली आणि कॉलेजात गेले. स्नेहल येत नव्हती, तिला ओढत नेली.

मॅडमनी मला खुर्ची दिली. पेपर काढून माझ्यासमोर ठेवला आणि ओळींवरून बोट फिरवत म्हणाल्या, "बघा आजी. एक स्वल्पविराम चुकला नाही."

"मग नापास कशापायी?"

"मी विचारलं होतं, हे खरं की खोटं ते सांगा. आणि दिलं होतं ते खोटं. पुस्तकातलं वाक्य घेऊन त्यातली एक अट मी काढून टाकली होती. हिनं पुस्तकातलं प्रूफ जसंच्या तसं लिहिलं आणि खाली लिहिलं, सिद्ध झालं." मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "खोटी गोष्ट हिनं न अडखळता खरी करून दाखवलीय. एकदा नाही, तीन प्रश्नांत."

स्नेहल खाली बघत होती. मॅडमनी विचारलं, "हे हिला पाठ करायला कुणी सांगितलं?"

"म्या," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी नातीला वाचवते आहे. मी वही काढून दिली. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग मधली पानं, मग शेवटची. बराच वेळ वाचत बसल्या. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, मी पण असंच केलंय. माझी थोरली बहीण म्हणून घ्यायची. एम.एस्सी.ला गेल्यावर सरांनी पहिल्याच तासाला फळ्यापाशी उभं केलं. मला एक ओळ पुढं सरकता आलं नाही. वर्गात पोरं हसली. बी.एस्सी.ला मी पहिली होते."

मी विचारलं, आता काय करायचं. त्या म्हणाल्या, "वही मिटा. तिनं म्हणायचं नाही. तुम्हाला पटवायचं. नाही पटलं तर पटलं नाही म्हणायचं. पोरीला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं नाही. जमेल?"

"त्यात काय," मी म्हटलं. "जन्मभर तेच केलंय. म्हणून तर माझं कुणाशी पटत न्हाय."

तेवढ्यापुरत्या मॅडम हसल्या.

घरी येताना वही माझ्या पिशवीत होती. पोरीनं मी सांगितलं तसंच केलं होतं. तिचं डोकं दीड वर्ष मी परातीवर टकटक करून बंद ठेवलं होतं. मी तिच्याबरोबर आले नसते तर ती कदाचित पहिल्याच सेमिस्टरला अडली असती, कुणाला तरी विचारलं असतं, शिकली असती. हा विचार मी अजूनही करते. त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

अशोकला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर आला, पिशवीत वांगी घेऊन. बसला नाही.

"आवरा," म्हणाला. "बोचकी एसटीत टाकतो, तुमी दोघी बसा. मी मागनं येतो."

"भाकरी खा आधी."

"आई, ठरलं हुतं का न्हाय?"

"ठरलं हुतं. पर ती नापास झाली न्हाय. म्या झाले."

"तुझा कुठला पेपर हुता?"

मी त्याला सगळं सांगितलं. वही दाखवली, मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यानं वही चाळली. त्याला इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं, पण देवनागरीतलं इंग्रजी वाचताना त्याची पंचाईत झाली. वही ठेवून म्हणाला, "म्हंजे पोरगी नीट चालली हुती आन् तू येऊन बिघडवलीस."

"व्हय."

"मग तुलाच घिऊन जातो. तिला ऱ्हाऊ दे."

तो टोमणा होता. पण बोलल्यावर त्याच्याही ध्यानात आलं की आपण काय बोललो. पोरीला एकटी ठेवायची नाही म्हणूनच तर मी आले होते. तो खाली बसला. मी ताट वाढलं. अर्धी भाकरी झाल्यावर त्यानं स्नेहलला विचारलं, "उन्हाळ्याच्या पेपरात सुटशील का?"

स्नेहल म्हणाली, "माहीत नाही पप्पा."

तिनं हो म्हटलं असतं तर त्यानं बोचकी उचलली असती असं मला वाटतं. त्याला हो म्हणणारी माणसं रोज भेटतात. तो हात धुवून म्हणाला, "पेपर दे. पुन्हा पडलीस तर मात्र मी कुणाला इचारायचा न्हाय. आईलाबी न्हाय." आणि गेला. वांग्याची पिशवी तशीच दाराला लटकत होती.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला गावापेक्षा जास्त आठवतात. पहिले आठ-दहा दिवस नुसतं भांडण. ती सांगायची, मी म्हणायची पटलं नाही. ती चिडायची. एक दिवस तेच वाक्य आलं, ज्यावर ती नापास झाली होती.

"अनुक्रम म्हणजे एकामागून एक आकडे," ती म्हणाली. "ते वाढत जातात. पण एका ठरावीक आकड्याच्या पुढं जात नाहीत."

"का जात न्हाईत? कुणी धरलंय?"

"धरलंय असं समज ना आजी."

"शेळी दाव्याला बांधल्यावाणी?"

तिनं मान वर केली. "हो. तशीच. पण ही शेळी मागं फिरत नाही. फक्त पुढं जाते."

"असली शेळी म्या बघितली न्हाय."

"समज."

"बरं. समजले."

"मग ती दाव्याच्या टोकाला जाऊन थांबणार. झालं."

"कशावरनं? अलीकडंच थांबली तर? दावं धा हाताचं हाय म्हणून तिनं धा हात गेलंच पायजे का?"

स्नेहलनं पेन खाली टाकलं. मला वाटलं पुन्हा चिडली. तिनं पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं. मग हळूहळू बोलायला लागली, आणि या वेळी ती मला सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. "म्हणजे दहा हाताचं दावं तिला पुरतं. पण आठ हाताचंही पुरत असेल. तिला पुरतील अशी सगळी दावी घ्यायची. आणि त्यातलं सगळ्यात आखूड शोधायचं. त्याच्याहून इवलंसं जरी कमी केलं तर ते तिला पुरणार नाही, ती त्याच्या पुढं गेलेली असेल. आणि एकदा पुढं गेली की मागं फिरत नाही. म्हणजे त्या आखूड दाव्याच्या टोकाशी ती जवळ जवळ येत जाते." ती माझ्याकडं वळली. "आजी, ते इवलंसं म्हणजे एप्सिलॉन."

मी दीड वर्ष तो शब्द वहीत वाचला होता.

"आन् ती मागंपुढं करायला लागली तर?" मी विचारलं.

"तर कुठंच ठरणार नाही. दावं असलं तरी." आणि मग ती म्हणाली, "मॅडमनी पेपरात हेच काढलं होतं. मागं न फिरायची अट. मी बघितलंच नाही ते."

त्या दिवशी भाकरी करपली. दोघींनी तशीच खाल्ली.

सगळंच असं शेळ्या-दाव्यांत बसत नव्हतं. पुष्कळ वेळा मला शेवटपर्यंत कळायचं नाही आणि मी तसं सांगायची. ती तेवढ्यावर थांबून कागदावर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून यायची. पण ती अडते कुठं, ते मला तिच्या आवाजावरून कळायचं. पाठ केलेलं माणूस एका दमात बोलतं. कळलेलं थांबत थांबत बोलतं. हे मला कुठल्या यत्तेत कुणी सांगितलं नव्हतं.

पेपरच्या आधी तीन दिवस, सकाळी अशोकचा फोन आला. पारू गेली. झोपेतच गेली.

मी पहिल्या एसटीनं गेले. दुपारी सगळं झालं. बाया भिंतीच्या तिच्या बाजूला बसल्या होत्या, मीही बसले. कुणी काय बोललं ते मला आठवत नाही. तिची चप्पल दारात होती, एकात एक घातलेली, ती तशीच काढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पारूची सून दारात आली. "आत्याबाई, जलदानाच्या विधीपर्यंत तरी थांबा. तुमच्याबिगर कोण हाय आमच्या सासूच्या वयाचं?"

मी म्हटलं, "पोरीचा पेपर हाय."

ती काही बोलली नाही. गाव मात्र बोललं, आणि अजून बोलतं. पंचेचाळीस वर्षांच्या सोबतीची जाऊ गेली आणि ही नातीच्या पेपरला पळाली. ते माझ्या कानावर आलं आहे. खोटं नाही ते. मी तेच केलं.

का केलं ते सांगते. चूक माझी होती आणि ती मला फेडायची होती. पेपरच्या आदल्या दिवशी ती अडेल, तिला पटवायला कुणी नसेल आणि ती भीतीनं पुन्हा वही उघडून पाठ करायला बसेल, असं मला वाटलं. पारू गेलेलीच होती. मला थांबून तिला काही देता येत नव्हतं. पोरीला देता येईल असं वाटलं. एसटीत बसून मी हा हिशेब मांडला आणि तो मला बरोबर वाटला.

खोलीवर पोचले तेव्हा स्नेहल एकटी बसून लिहीत होती. मला बघून उठली. "आलीस कशाला?" म्हणाली. "तू थांबायला हवं होतंस. माझं मी केलं असतं."

ती रागानं बोलली नाही. खरं ते बोलली. तिच्यासमोरच्या कागदावर खुणा होत्या, प्रश्न होते, काट मारलेल्या ओळी होत्या. ती स्वतःच म्हणत होती, पटलं नाही, आणि स्वतःच पुन्हा लिहीत होती. मी नव्हते त्या दीड दिवसात तिचं काहीही अडलं नव्हतं. मला वाटत होतं ती माझ्याशिवाय बसू शकणार नाही, ते फक्त मलाच वाटत होतं.

ती त्या पेपरात पास झाली. फार मार्क नाहीत, पहिल्या वर्षाच्या निम्मे. अशोकला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढं तिचं स्वतःचं हाय." त्यानं पेढे वाटले नाहीत. अट मात्र पुन्हा काढली नाही.

तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या दोन मुली आमच्या खोलीवर यायच्या, एक काटेवाडीची, एक इंदापूरकडची. मॅडमनीच पाठवल्या होत्या. स्नेहल त्यांना शिकवायची. मी बघायची. ती अर्ध्यात थांबायची आणि त्यांना विचारायची, पुढं काय? काटेवाडीची एकदा रडली. म्हणाली, "ताई, तू सरळ सांग ना, मी लिहून घेते." स्नेहलनं तिला पाणी दिलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी मध्ये पडले नाही.

आता स्नेहल पुण्याला एम.एस्सी.ला गेली. हॉस्टेलवर राहते. तिथं आजीला जागा नाही आणि तिला आजीची गरजही नाही. बारामतीची खोली सोडायची आहे. अशोक दोनदा विचारून गेला, कधी येतेस. मी येते आहे, आषाढ पौर्णिमेच्या आधी.

ज्या बाया पुढं लेकी-नातींच्या मागं गाव सोडतील त्यांच्यासाठी एक लिहिते. घर म्हणजे जिथं आपल्यावाचून अडतं ती जागा, असं मी जन्मभर धरून चालले. वरकुट्यात माझ्यावाचून अडेल म्हणून जीव अडकला होता. मग खोलीत अडेल म्हणून पारूला सोडून आले. मॅडम म्हणतात, एखादं म्हणणं खोटं पाडायला शंभर उदाहरणं लागत नाहीत, एक पुरतं. पारूला पोचवून मी परत आले, त्या दुपारी खोलीत माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. मी येणार हेही स्नेहलला माहीत नव्हतं. तरी पातेल्यात दोघींचा भात होता. मी विचारलं तर म्हणाली, "सवय आहे."

म्हणजे मी धरून चालले ते खोटं होतं, एवढं कळलं. मग घर म्हणजे काय, ते मला अजून सांगता येत नाही. उगाच काहीतरी सांगून पास व्हायची माझी इच्छा नाही.

फाट्यावर उतरले की आधी पारूच्या दारात जाईन. सुनेनं बसायला सांगितलं तर बसेन, नाही तर उभी राहीन. तिला तेव्हापासून जे बोलायचं राहिलं ते तिनं बोलावं. ती म्हणेल ते मी ऐकून घेणार आहे, आणि तिचं संपल्याशिवाय तिथून हलणार नाही. मग घरी जाईन.